नवीन ऑइल सील टाकूनही गिअरबॉक्सच्या शेपटाकडून गळती (एमएक्स-5, 5 स्पीड)

मागचीचाकं:
गाडी माझदा एमएक्स-5, पहिली पिढी, 1.8 इंजिन, 5 स्पीड मॅन्युअल. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) योक, म्हणजे त्याचं नळीसारखं पुढचं टोक, गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं, म्हणजे आउटपुट शाफ्टचं ऑइल सील बदलून जेमतेम 800 किलोमीटर झालेत आणि परत तेल यायला लागलंय.

रात्रभर उभी राहिली की खाली बाटलीच्या झाकणाएवढा डाग. लांब पल्ला मारून आल्यावर डाग दुप्पट आणि सायलेन्सरच्या पाइपवर तेल जळल्याचा वास. खाली शिरून पाहिलं तर टनेलच्या (गाडीच्या मधोमध शाफ्ट जातो ती पोकळी) दोन्ही भिंतींवर तेलाचा पट्टा उडालेला आहे. क्लचहाउसिंगचा खालचा भाग कोरडा आहे.

सील खराब निघालं असेल की बसवताना चुकलं? गिअरबॉक्स उतरवावा लागेल का? आणि गळती थांबवणारी ती बाटलीतली ॲडिटिव्ह टाकून काही दिवस ढकलता येतील का?

---

नटबोल्ट:
गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. शेपटाचं सील शाफ्ट काढून बाहेरूनच बदलतात. पण आधी तेल सीलमधूनच येतंय याची खात्री करा. चालत्या गाडीत वारा सगळं मागे ढकलतो, त्यामुळे गिअरबॉक्सवर कुठेही पाझर असला तरी शेवटी थेंब शेपटालाच लोंबतो.

या गाडीत संशयित इतके: स्पीडोमीटरच्या गिअरची ओ-रिंग (शेपटाच्या बाजूलाच असते आणि वय झालं की लाकडासारखी कडक होते), रिव्हर्स लाइटचा आणि न्यूट्रलचा स्विच, आणि वरचा शिफ्टर टरेट (गिअर लिव्हर ज्यात बसतो ते घर). टरेटमध्ये वेगळं थोडं तेल असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंजिनच्या मागच्या सीलचं तेल असेल तर ते काळं आणि पातळ असतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा ओळखला की विसरत नाही. क्लचहाउसिंग कोरडं आहे म्हणता, तर इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं इनपुट सील दोन्ही सुटले.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट तो टनेलवरचा पट्टा. फिरणाऱ्या योकवर आलेलं तेल सरळ बाहेर फेकलं जातं, म्हणून पट्टा ज्या रेषेत, गळती त्याच रेषेत. पट्टा सीलच्या तोंडासमोर असेल तर सील. तोच चार-पाच सेंटिमीटर मागे, क्रॉसच्या (शाफ्टचा वळणारा सांधा) समोर असेल तर सील निर्दोष असू शकतं. योकच्या आतल्या स्प्लाइनमधून (लांबीच्या दिशेचे दाते) तेल मागे येतं आणि योकच्या टोकाला ठोकलेल्या पत्र्याच्या चकतीच्या कडेने बाहेर पडतं. अशी चकती असलेल्या योकवर माणसं सीलमागून सील बदलत बसतात आणि गळती तशीच राहते. क्रॉसच्या खोबणीत बोट फिरवून पाहा. ग्रीस लागलं तर ठीक, पातळ तेल लागलं तर चकती.

ब्रेक क्लीनरने शेपूट, योक आणि टनेल स्वच्छ पुसा, वाळू द्या, वर टाल्कम पावडर भुरभुरवा. 15-20 किमी चालवून लगेच खाली पाहा. पावडर जिथे सगळ्यात आधी ओली, तिथे मूळ. नुसती जागेवर चालू ठेवून पाहू नका. योक फिरला नाही तर सीलची परीक्षाच होत नाही.

---

तेलकट:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि त्यात एक भर. 800 किमीत नवीन सील गेलं याचा अर्थ बहुतेक वेळा सील वाईट असा होत नाही, ते ज्यावर घासतं किंवा ज्यात बसतं ते वाईट असा होतो. दुसरं सील आणायच्या आधी या चार गोष्टी बघा.

पहिली, बुश. शेपटाच्या आत सीलच्या लगेच पुढे एक बुश असतो, योक त्यावर टेकून फिरतो. सीलचं काम तेल अडवणं, योकला आधार देणं नाही. बुश झिजला की योक वर-खाली नाचतो आणि लिपला, म्हणजे सीलच्या योकवर घासणाऱ्या रबरी कडेला, त्याच्या मागे धावावं लागतं. शाफ्ट काढायच्या आधी, गाडी स्टँडवर असताना, योक हाताने धरून उभा-आडवा हलवा. किंचित हालचाल चालते. 'कट कट' असा ठोका हाताला जाणवला तर सील बदलून काहीही होणार नाही.

दुसरी, योकवरचा चर. लिप वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासते. आणि हे एमएक्स-5 मध्ये जास्त होतं, कारण सरळ आहे: मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटणारा गिअर) जागेवर पक्कं, आणि गिअरबॉक्स ते डिफरेन्शियल ॲल्युमिनियमच्या पॉवर प्लँट फ्रेमने जोडलेले. त्यामुळे योक पुढे-मागे सरकतच नाही म्हटलं तरी चालेल. सलग मागचा ॲक्सल असलेल्या गाडीत चाक खड्ड्यात गेलं की योक सरकतो आणि झीज पसरते. इथे सगळी झीज केसाएवढ्या रेषेवर.

तिसरी, ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायची वाट चिखलाने बुजली असेल तर हवा तेलाला सीलखालून ढकलते. लांब पल्ल्यानंतर डाग दुप्पट होणं याच्याशी जुळतं. कोमट गाडीत वरचा फिलर प्लग हळू सैल करा. 'फुस्स' आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा आत मारू नका, सगळी सीलं एकदम उलटी होतील.

चौथी, तेलाची पातळी. 5 स्पीडमध्ये साधारण 2 लिटर बसतं. मागची बाजू उचललेल्या गाडीत भरलं असेल तर पातळी चुकलेली असणार.

आता काम. गाडी चारही स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चारही चाकं उचलायची सोय नसेल तर पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा आणि मागची बाजू उंच घ्या. त्याचा एक फायदाही आहे, शेपूट वर राहतं आणि योक काढल्यावर तेल कमी सांडतं. तरी खाली पसरट भांडं ठेवाच. तेल बदलायचंच असेल तर ते आधी काढा. मात्र फिलर प्लग सुटतो हे बघितल्याशिवाय ड्रेन प्लगला हात लावू नका. ड्रेन रिकामा आणि फिलर जाम, अशी गाडी जागची हलत नाही.

सायलेन्सरचा मधला पाइप आड येत असेल तर खाली घ्या, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला ताण देऊ नका. पॉवर प्लँट फ्रेमचे बोल्ट उघडू नका. ती सैल केली की गिअरबॉक्सचा कोन बदलतो आणि तो परत जुळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

शाफ्ट काढण्याआधी डिफरेन्शियलचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांवर आरपार रंगाची एक रेघ ओढा. गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढा म्हणजे बोल्ट सोडताना शाफ्ट फिरणार नाही. चार बोल्ट, 14 चा पाना. बोल्ट सुटले की शाफ्ट थोडा पुढे ढकलून फ्लँजमधून मोकळा करा, खाली झुकवा आणि मागे ओढा. लोंबकळत ठेवू नका, क्रॉसवर भार येतो. योक बाहेर येताना स्प्लाइन लिपवर आपटणार नाही असा सरळ काढा, आणि योक शाफ्टवर कुठल्या दाताला होता तीही खूण करून ठेवा.

जुनं सील काढायला सील पुलर सगळ्यात बरा. तो नसेल तर सीलच्या पत्र्याच्या तोंडावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, त्यात पत्र्याचे स्क्रू पिळा आणि पकडीने आळीपाळीने ओढा. ड्रिलला खोली मर्यादित करणारी टेप गुंडाळा, आत बुश आहे. ड्रिलचा कीस आत जाऊ नये म्हणून टोकाला ग्रीस लावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला ओरखडा पडला की तेल सीलच्या बाहेरून येतं, आणि बाहेरून दिसायला ते 'नवीन सील गळतंय' असंच दिसतं. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता आहे, जुनं सील निघालं की हाउसिंगच्या कडेवर बोट फिरवून बघा.

नवीन सील: स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. धूळ अडवणारी बारीक लिप बाहेर. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा. ते वंगणासाठी नाही, ठोकताना धक्क्याने स्प्रिंग उडून आत पडू नये म्हणून. दोन लिपच्या मधल्या जागेतही ग्रीस. बाहेरचा काठ रबराचा असेल तर नुसता तेलाचा हात, उघड्या धातूचा असेल तर सीलंटचा अगदी पातळ थर. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान, सपाट तोंडाचं सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घेऊन गोल फिरत हलके ठोका. एक बाजू पुढे गेली की थांबा, दुसऱ्या बाजूने सरळ करा. तिरकं बसलेलं सील प्रत्येक फेऱ्यात लिपला ओढतं. जुनं किती खोल होतं ते काढण्याआधीच व्हर्नियरने मोजून ठेवलेलं बरं.

योक घालायच्या आधी त्याला बाहेरून गिअर ऑइल लावा. कोरडा योक घातला की पहिल्या दोन मिनिटांत लिप जळते. तसं झालेलं सील काढून बघितलं तर लिपची कड चकचकीत आणि कडक लागते, नखाने दाबली तर तडकते.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा.

---

क्रॉसजॉइंट:
तेलकट यांनी लिहिलेलं सरकणाऱ्या योकसाठी आहे. हा धागा दुसऱ्या स्पोर्ट्स कारवाले वाचणार असतील तर थोडक्यात, कारण रचना बदलली की पद्धत बदलते.

मागे बोल्टचा फ्लँज असलेला गिअरबॉक्स असेल तर फ्लँज मधल्या मोठ्या नटने आवळलेला असतो. तिथे सील नवीन असूनही तेल स्प्लाइनमधून नटखाली येतं. स्प्लाइन कोरडी करून नटच्या बसण्याच्या जागी सीलंट लावावं लागतं, आणि नट लॉक करायची पत्र्याची टिकली जुनी परत वापरायची नाही.

इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत, आणि पोर्शे 944 सारख्या मागे ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच घरात) असलेल्या गाड्यांत आउटपुट दोन असतात, डावा आणि उजवा. दोन्ही एकाच मापाचे दिसले तरी सील सारखं असेलच असं नाही. काही सीलच्या लिपवर बारीक तिरक्या रेघा असतात, तेल आत ढकलण्यासाठी. पत्र्यावर बाण असतो तो फिरण्याची दिशा दाखवतो. डावं सील उजवीकडे घातलं की तीच रेघ तेल बाहेर ढकलायला लागते. काही ट्रान्सॲक्सलमध्ये सील एका आट्यांच्या रिंगमध्ये बसतं आणि तीच रिंग डिफरेन्शियलच्या बेअरिंगचा दाब ठरवते. ती फिरवलीत की गिअरची जुळणी गेली. तिथे सील रिंगमधूनच, रिंग न हलवता काढायचं.

आणि एक, पांढरट किंवा तपकिरी टेफ्लॉन लिप असलेलं सील मिळालं तर त्याला तेल-ग्रीस काही लावायचं नाही. ते कोरडंच बसवतात, आणि त्याच्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची गाइड फेकून द्यायची नाही.

---

मागचीचाकं:
सगळं तपासलं. पट्टा बरोबर सीलच्या रेषेत आहे, क्रॉसच्या खोबणीत ग्रीसच आहे. ब्रीदर मोकळा, प्लग उघडताना आवाज नाही. बुशमध्ये ठोका नाही. शाफ्ट काढला, हाउसिंगची कड गुळगुळीत. योकवर एक चकचकीत रेघ आहे, तिच्यावरून नख आडवं नेलं तर हलकं अडकतं. रेघेच्या पुढे-मागे, योकच्या लांबीच्या दिशेने दोन बारीक ओरखडेही आहेत. काढलेल्या सीलची लिप मऊ आहे, स्प्रिंग जागेवर आहे.

योकवर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवली तर चालेल का? आणि सील साधं (नायट्राइल रबराचं) घेऊ की व्हायटन, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचं?

---

तेलकट:
मग गुन्हेगार सापडला. ओरखडे चरापेक्षा वाईट. चर आडवा असतो, लिप त्यात बसून काही दिवस तरी निभावते. लांबीच्या दिशेचा ओरखडा म्हणजे लिपच्या खालून आरपार गेलेली नाली.

स्लीव्ह इथे नको. अशा स्लीव्हची भिंत साधारण 0.28 मिमी असते, म्हणजे व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. बोल्टच्या फ्लँजवर ती उत्तम चालते, कारण फ्लँजचा तो भाग फक्त सीलमध्ये फिरतो. तुमचा योक सील ओलांडून बुशमध्ये जातो. स्लीव्ह चढवलेला योक बुशमध्ये एक तर शिरणार नाही, नाहीतर ठोकून शिरवला तर बुश खाऊन टाकेल.

ओरखडे किती खोल आहेत त्यावर पुढचं. 400 चा पॉलिश पेपर बोटभर रुंद पट्टीत कापा, तेलात भिजवा, योकला चप्पल घासल्यासारखं नाही तर दोरी ओढल्यासारखं गोल फिरवा, मग 600. लांबीच्या दिशेने एकही हात मारायचा नाही. पट्टी तिरकी सरकवत नेलीत तर योकवर स्क्रूच्या आट्यासारखी नक्षी पडते आणि फिरताना तीच तेल बाहेर आणते. फार आरशासारखंही करू नका. सीलखालचा पृष्ठभाग 0.2 ते 0.8 मायक्रोमीटर इतका खडबडीत लागतो, अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर तेलाचा पापुद्रा टिकत नाही आणि लिप कोरडी घासते. शेवटी सगळं रॉकेलने धुवा, स्प्लाइनच्या आतूनही. पेपरची पूड बुशमध्ये गेली तर सगळी मेहनत वाया.

400-600 ने ओरखडे गेले आणि नख अडकायचं थांबलं तर तोच योक वापरा. अजून अडकत असेल तर घासत बसू नका. योक बारीक होतो, कठीण केलेला थर निघून जातो आणि बुशमध्ये प्ले येतो. मग योक किंवा योकसकट शाफ्ट बदलणं हाच मार्ग.

मधला एक उपाय आहे: हाउसिंगच्या खोबणीत जागा असेल तर सील आधीच्यापेक्षा 1 मिमी कमी किंवा जास्त खोल बसवा, म्हणजे लिप चराच्या बाजूच्या कोऱ्या जागेवर येईल. तुमचा योक सरकत नाही, ती इथे जमेची बाजू. पण हा उपाय चरासाठी आहे. ओरखडे उभे आहेत, ते लिपच्या नव्या जागेलाही गाठतील.

व्हायटनबद्दल: नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सियसपर्यंत निवांत चालतं, व्हायटन 200 च्या आसपास. पण तापमान तेलाचं नाही, लिपच्या कडेचं मोजायचं, आणि ते घर्षणामुळे तेलापेक्षा जास्त असतं. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर 1:1 आहे, म्हणजे चौथ्यात इंजिन 5000 ला असेल तर योकही मिनिटाला 5000 फेरे. समजा योक 35 मिमीचा, तर लिपखालून सेकंदाला 9 मीटरहून जास्त पृष्ठभाग सरकतो. रोजच्या वापराला नायट्राइल पुरे. ट्रॅकवर नेत असाल तर व्हायटन घ्या. आता मात्र खराब योकवर दोन्ही सारखेच गळतील.

---

नटबोल्ट:
ॲडिटिव्हचा प्रश्न राहिला. त्या बाटल्या रबर फुगवतात. कडक झालेल्या जुन्या सीलवर काही आठवडे फरक दिसतो. तुमची लिप मऊ आहे आणि वाट धातूतल्या ओरखड्यातून आहे, तिथे रबर फुगून काय होणार? शिवाय सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगांना तेल ठरावीक घर्षणाचं लागतं, त्यात भलतं काही मिसळलं की गिअर घासून पडायला लागतात. त्याच कारणासाठी तेल 75डब्ल्यू-90 (जाडी) चं जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) भरा. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसचा डोस जास्त असतो, तो डिफरेन्शियलच्या दातांना हवा असतो, पितळेला नको असतो.

भरताना गाडी चारही बाजूंनी सपाट. फिलरच्या तोंडातून तेल आपणहून बाहेर ओघळेपर्यंत भरा, ओघळ थेंबावर आला की प्लग लावा, वॉशर नवीन. गाडी सपाट नसेल तर 2 लिटर मोजून ओतण्यावरही विसंबू नका, जुनं थोडं आत राहिलेलं असतंच.

पहिल्यांदा चालवताना ताशी 60 ते 100 किमीच्या दरम्यान नवीन थरथर जाणवली तर फ्लँजची रेघ जुळली आहे का ते आधी बघा, उगाच क्रॉसवर संशय घेऊ नका.

आणि टनेल धुतलं असलं तरी उष्णतारोधक पत्र्याच्या मागे तेल साठलेलं असतं. ते गरम झालं की चार-सहा दिवस एखादा थेंब खाली येतो. तेवढ्यावरून परत सील काढू नका. 100 किमीनंतर पावडर मारून पाहा. सीलच्या तोंडाशी पावडर पांढरीच असेल, तर खाली पडणारा थेंब जुना आहे.